घरी शिकलेला विद्यार्थी आणि महाविद्यालयाचा उंबरठा

जळगाव येथे १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. आसोद्यात जन्मलेल्या आणि अक्षरओळख नसतानाही मराठी कवितेत अढळ स्थान मिळविलेल्या एका शेतकरी स्त्रीचे नाव जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या उच्च शिक्षणाशी जोडले जावे, ही घटना कोणाही लोकशाहीवाद्यास समाधान देणारीच होय. परंतु नामकरणाचा समारंभ आटोपल्यावर एक साधा प्रश्न शिल्लक राहतो. शाळेची पायरी न चढलेली, पण घरात, शेतात आणि चार जाणत्या माणसांच्या सहवासात शिकलेली एखादी मुलगी आज या विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात प्रवेश मागू लागली, तर तिचे काय होईल? तिला काय येते, हे तिला कोणी विचारणार नाही. तिच्याजवळ कोणता कागद आहे, एवढेच विचारले जाईल. कागद नसेल, तर जिच्या नावाचा फलक प्रवेशद्वारावर झळकतो, तिच्याच लेकीबाळींना ते द्वार बंद राहील.

घरी राहून शिकणे हा शब्दप्रयोग अलीकडे शहरी मध्यमवर्गात प्रतिष्ठा पावला आहे. शाळेच्या चाकोरीला कंटाळलेले सुशिक्षित आईबाप मुलाला शाळेतून काढतात, स्वतः शिकवतात, त्याच्या कलाने त्याला वाढू देतात. त्यात गैर काही नाही. मुंबईतील एका मुलीला तिच्या आईने सातवीनंतर शाळेतून काढले. ती संगणकाची भाषा घरी शिकली, आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड स्पर्धेत तिने पदके मिळविली आणि २०१६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेने तिला प्रवेश दिला. त्याच मुलीला आपल्या आय. आय. टी.चे दार बंद होते, कारण बारावीचे प्रमाणपत्र तिच्यापाशी नव्हते. वृत्तपत्रांनी या घटनेचे कौतुक केले, क्वचित हळहळही व्यक्त केली. पण या गोष्टीतला खरा धडा बाजूलाच राहिला. या मुलीच्या बाबतीत सातासमुद्रापलीकडील संस्थेने कागदाऐवजी गुण पाहिला. ज्या मुलाला ऑलिंपियाड म्हणजे काय हे सांगणारेही घरी कोणी नाही, त्याचा गुण कोण पाहणार?

खानदेशात घरी शिकणाऱ्यांची जात निराळी आहे. चाळीसगाव-पारोळ्याकडील आणि साक्री-शिरपूरकडील ऊसतोडणी कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर गाडीत बसतात आणि चैत्राच्या सुमारास परततात. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांच्या सातपुड्यातील पाड्यांवर भिल्ल आणि पावरा मुलांना शाळा आणि घर यांच्यातील अंतर पायी तोडावे लागते. शिवाय शाळेची भाषा ही त्यांच्या घरची भाषा नसते. आठवीनंतर गावात वर्ग नाही म्हणून, किंवा धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी, किंवा लग्न ठरले म्हणून घरी बसविलेल्या मुली तर प्रत्येक गावात आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेतून गेलेला आणि पुन्हा न परतलेला मुलगाही याच रांगेतला. यांनी शाळा नाकारलेली नाही. शाळाच त्यांच्या हातून निसटली आहे. यांतील काही जण तरीही शिकतात. थोरल्या बहिणीच्या जुन्या पुस्तकांवर, एखाद्या सेवाभावी शिक्षकाच्या ओट्यावर, रात्री काम आटोपल्यावर. हेही घरी घेतलेले शिक्षणच होय. फक्त त्याला इंग्रजी नाव मिळालेले नाही, म्हणून त्याची चर्चा होत नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत विद्या मिळाली ती घरीच. रानावनांत आणि तीर्थयात्रांत भटकणाऱ्या आईबापांकडून. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना सरस्वती ही पदवी दिली. त्या पंडितांनी रमाबाईंकडे कोणत्याही पाठशाळेचा दाखला मागितल्याचे कोणी लिहून ठेवलेले नाही. आनंदीबाई जोशी यांचे बहुतेक शिक्षण पतीच्या हट्टापायी घरी झाले, शाळेचा सहवास लाभला तो तुटक. १८८३ साली त्यांनी पेनसिल्व्हानियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज केला, तेव्हा प्रवेशाच्या सर्व अटींना आपण उतरत नाही हे त्यांनी लपविले नाही. महाविद्यालयाने त्यांची जिद्द आणि तयारी पाहून त्यांना घेतले, आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा संसारात अडकलेल्या स्त्रीला घरी अभ्यास करून परीक्षेस बसता यावे, याची सोय त्यांनी ठेवली. म्हणजे, जिला शाळेपर्यंत येता येत नाही तिच्यापर्यंत निदान परीक्षेने तरी जावे, हा विचार मराठी मातीत शतकापूर्वीच रुजलेला होता.

परंतु या उदाहरणांचा एकांगी अर्थ काढणे धोक्याचे आहे. रमाबाईंच्या घरी शास्त्री पिता होता; आनंदीबाईंच्या घरी शिकविण्याचा ध्यास घेतलेला पती होता. बहिणाबाईंच्या घरी यांपैकी काहीच नव्हते. त्यांच्या ओव्या कागदावर उतरल्या त्या मुलाने आणि नातलगाने लिहून घेतल्या म्हणून, आणि पुस्तकरूपाने लोकांपुढे आल्या त्या १९५२ साली, म्हणजे १९५१ साली त्यांचे निधन झाल्यानंतर. या तिघींच्या बुद्धीत उणेअधिक काही नव्हते. फरक होता तो घरात कोण होते एवढाच. घर हे शिक्षणाचे केंद्र मानले, की घराघरांतील विषमता शिक्षणात उतरणारच. म्हणूनच समाजवाद्यांनी सार्वजनिक शाळेचा आग्रह धरला आणि तो आजही सोडण्याचे कारण नाही. ज्याचे घर रिकामे आहे त्याला शाळा हवीच. आणि इतके करूनही ज्याची शाळा हुकली, त्याच्यासाठी परीक्षेचा दरवाजा उघडा हवा. या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत. दुसरी ही पहिलीचीच राहिलेली बाकी आहे.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी सहबंद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. शाळेबाहेरच्या शिक्षणाचा याहून उज्ज्वल दाखला खानदेशच्या इतिहासात सापडणार नाही. याच विनोबांनी तरुणपणी आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली होती आणि १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले असताना सुरतेस उतरून काशीची वाट धरली होती. या त्यागाचे माहात्म्य कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे: ज्याच्यापाशी प्रमाणपत्र असते त्यालाच ते जाळता येते. साक्रीच्या ऊसतोडणी कामगाराच्या मुलाला कागद जाळण्याची चैन परवडत नाही, कारण त्याच्या हाती तो कधी पडलेलाच नसतो. प्रमाणपत्रांच्या निरर्थकतेवर व्याख्याने देणाऱ्यांच्या घरी ती बहुधा चौकटीत लावलेली असतात.

कागदाचे हे अर्थशास्त्र जरा बारकाईने पाहिले पाहिजे. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळेत नियमित न जाणाऱ्यांसाठी खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेस बसण्याची सोय केलेली आहे. तिला सर्वत्र सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. या फॉर्मने आजवर असंख्य गृहिणींना, कामगारांना, पोलीस शिपायांना दहावी-बारावीच्या पार नेले, हे श्रेय मंडळाला दिलेच पाहिजे. पण या अर्जाबरोबर शाळा सोडल्याचा दाखला लागतो. म्हणजे शाळेबाहेरच्या विद्यार्थ्याने आपण कधी काळी शाळेत होतो, हे आधी सिद्ध करावयाचे. दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. म्हणजे जुन्या शाळेचे हेलपाटे, तालुक्याचे हेलपाटे, आणि प्रत्येक हेलपाट्यागणिक बुडालेला रोज. मजुराच्या हिशेबात अर्जाची किंमत ही त्यावर छापलेल्या शुल्काइतकी कधीच नसते. त्यात बसभाडे आणि बुडालेली मजुरी मिळविल्याशिवाय ती पुरी होत नाही.

शिवाय शाळेचा दाखला हा नुसता शिक्षणाचा पुरावा नसतो. जन्मतारीख, जात, वास्तव्य या साऱ्यांचा तोच आधार. जात पडताळणीच्या वेळी अनुसूचित जाती-जमातींकडून १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांकडून १९६१ पूर्वीचे आणि इतर मागासवर्गीयांकडून १९६७ पूर्वीचे पुरावे मागितले जातात. आणि त्यांत वाडवडिलांच्या शाळेतील नोंदीला सर्वांत मोठे वजन असते. ज्या कुळाला शाळेने पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवले, त्याच कुळाकडे शाळेतील जुनी नोंद मागावयाची, हा न्याय अजब आहे. घरी शिकलेल्या शहरी मुलाला दाखला नसल्याने एका प्रवेशाची अडचण येते. पाड्यावरच्या मुलाला दाखला नसल्याने प्रवेश, राखीव जागा, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह ही चारही एकदम दुरावतात.

दुसरी अडचण पंचांगाची. मंडळाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. साखर कारखान्यांचा हंगाम त्याच महिन्यांत जोरात असतो. सतरा नंबरच्या अर्जाची धावपळ आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच सुरू होते. तेव्हा मुकादमाकडून उचल घेतलेल्या कुटुंबाला पुढील मार्च महिन्यात आपण कोणत्या जिल्ह्यात, किंबहुना कोणत्या राज्यात असू, हे ठाऊक नसते. परीक्षेचे वेळापत्रक ज्यांनी आखले त्यांच्या नजरेसमोर उन्हाळ्याची सुटी घेणारे घर होते. उन्हाळ्यात गावी परतणारे घर नव्हते.

वाटा मुळीच नाहीत असे नाही. केंद्रीय मंडळाने १९७९ साली सुरू केलेल्या मुक्त शाळेच्या प्रयोगातून १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय उभे राहिले. तेथे चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पूर्वीच्या शाळेच्या दाखल्याविना, आपण पुरेसा अभ्यास केला आहे एवढ्या स्वतःच्या निवेदनावर, दहावीसाठी नाव नोंदविता येते. पाच वर्षांत विषय सुटे सुटे सोडविता येतात, आणि वर्षातील दोन परीक्षांपैकी एक एप्रिल-मेमध्ये असते, म्हणजे ऊसतोडणीहून परतलेल्यास ती साधण्याजोगी. राज्यानेही स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळ काढले असून त्यात पाचवी व आठवीच्या परीक्षांचीही सोय आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ साली स्थापना झाल्यानंतर, शाळा पुरी न केलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रमाची वाट मोकळी केली आणि कित्येकांना पदवीपर्यंत नेले. मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना वैद्यकीय प्रवेशपरीक्षेपासून दूर ठेवणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली. तात्पर्य, कायदा हळूहळू उदार होत चालला आहे. परंतु कायद्यातली वाट आणि गावातून निघणारी वाट या दोहोंची गाठ पडावी लागते. शिरपूरच्या पाड्यावरील मुलीला या मंडळाचे नाव कोणी सांगितलेले नसेल, तर तिच्यापुरते ते मंडळ अस्तित्वातच नाही.

या साऱ्या व्यवस्थेतला ढोंगीपणा पाहावयाचा असेल, तर विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांकडे पाहावे. हजारो रुपये, कधी लाखो रुपये देऊन खाजगी शिकवणी वर्गात दिवसभर बसणारी मुले महाविद्यालयाच्या पटावर नियमित विद्यार्थी म्हणून नांदतात. वर्गात ती दिसत नाहीत. पण हजेरीपटावर असतात. हा प्रकार इतका बोकाळला की २०१८ साली राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. म्हणजे जो पैसे देऊन वर्गाबाहेर राहतो तो नियमित, आणि जो परिस्थितीमुळे वर्गाबाहेर राहतो तो बहिःस्थ! पहिल्याची अनुपस्थिती खरेदी केलेली असते, म्हणून तिला प्रतिष्ठा. दुसऱ्याची लादलेली असते, म्हणून तिच्यावर संशय. प्रात्यक्षिकांचे विषय घेऊ पाहणाऱ्या खाजगी विद्यार्थ्याला प्रयोगशाळा कुठून मिळणार, हा प्रश्न मोठ्या गांभीर्याने विचारला जातो. पटावरच्या त्या अदृश्य विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत किती दिवस काढले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, परीक्षेचा दरवाजा सताड उघडला तर दर्जा घसरेल, गैरप्रकार वाढतील. परंतु गैरप्रकार परीक्षाकेंद्राच्या व्यवस्थेतून उद्भवतात, विद्यार्थी कोठे शिकला यातून नव्हे. नियमित विद्यार्थ्यांच्या केंद्रांबाहेर चिठ्ठ्या पुरविणाऱ्यांची गर्दी महाराष्ट्राने पाहिलेली आहे. ती थांबवावयाची तर केंद्रे सुधारावीत. ज्याने रात्री जागून अभ्यास केला त्याला बाहेर ठेवून दर्जा वाढत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे आणि तो डाव्या चळवळीतूनच येतो. घरी शिकण्याला उत्तेजन दिले तर शासनाला शाळा बंद करण्याचे निमित्त मिळेल, ही ती भीती. ती निराधार नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समायोजन करून समूहशाळा काढण्याचा विचार शासनाने २०२३ साली पुढे आणला, तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचे उदाहरण दिले गेले. डोंगराळ मुलुखात शाळा चार-पाच कोस दूर गेली की मुलीचे शिक्षण घरीच थांबते, आणि मग ती मुक्त विद्यालयात शिकू शकते असे म्हणून हात झटकणे सोपे जाते. ही पळवाट शासनाला मिळता कामा नये. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ सालचा कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क देतो. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारण्यास तो मनाई करतो. आणि शाळा हुकलेल्यास वयानुरूप वर्गात घालून खास शिकविण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. हा हक्क शब्दशः वसूल केला पाहिजे. मुक्त परीक्षा ही शाळेची जागा घेण्यासाठी नाही. शाळेने ज्याच्याशी करार मोडला त्याची ती भरपाई आहे.

आणि त्याच कायद्याचे औदार्य चौदाव्या वर्षी एकाएकी का आटते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. तेरा वर्षांच्या मुलाला कागद नसला तरी वर्गात घ्या म्हणणारे राज्य, तोच मुलगा सोळा वर्षांचा होताच त्याच्याकडे कागदांची चळत मागते. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते अठरा वर्षांपर्यंत सर्वांना शिक्षण मिळावे असे म्हटले आहे. धोरणातले वाक्य कायद्यात आणा, अशी मागणी करण्यास हाच आधार पुरेसा आहे.

मागण्या मोजक्या आणि पूर्ण करण्याजोग्या आहेत. खाजगी विद्यार्थ्याच्या नोंदणीसाठी शाळा सोडल्याच्या दाखल्याची अट काढून टाकावी; वयासाठी ग्रामपंचायतीची जन्मनोंद आणि स्वतःचे निवेदन पुरेसे मानावे. नोंदणी तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याच्या कचेरीत वर्षभर चालू असावी. स्थलांतरितांसाठी राज्य मंडळाची पूर्ण परीक्षा मे-जूनमध्येही घ्यावी. शासकीय अनुदान घेणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयांनी सुटीच्या दिवशी आपल्या प्रयोगशाळा बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुल्या कराव्यात. अनुदान जनतेचे असेल तर परीक्षानळ्याही जनतेच्याच. आणि बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठाने, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही माणसाची तयारी जोखणारी एक मराठी प्रवेशपरीक्षा जळगाव, धुळे व नंदुरबार येथे घेता यावी, यासाठी शासनाकडे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाकडे स्वतः होऊन पाठपुरावा करावा. नावाचा मान राखण्याचा याहून चांगला मार्ग दिसत नाही.

शासनाने हे सारे करीपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांची अंथरुणे झाडली, कपडे धुतले आणि त्या कामालाच शिक्षण मानले. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांना फॉर्म भरून देण्याचे काम हलके वाटू नये. ऊसतोडणीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतात. त्याआधीच, श्रावण-भाद्रपदात, प्रत्येक शाखेने आपल्या गावातील चौदा ते पंचवीस वयाच्या शाळा सुटलेल्या मुलामुलींची यादी करावी. कोणाचा दाखला कोणत्या शाळेत अडकला आहे, कोणाला सतरा नंबरचा फॉर्म उपयोगी, कोणाला मुक्त विद्यालय, हे त्या त्या नावापुढे लिहावे. जुन्या शाळेत त्या मुलाबरोबर स्वतः जावे. परीक्षा देणाऱ्या मुलीची राहण्याची सोय तालुक्याच्या गावी एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी करावी. एका शाखेने वर्षाला पाच मुले परीक्षेला बसविली, तरी निवडणुकीतील पाच सभांहून ते काम अधिक टिकाऊ ठरेल. आणि त्या पाच जणांतील एकाला महाविद्यालयाने कागदावाचून परत पाठविले, तर तो अर्ज आणि तो नकार हाती घेऊन जिल्हाधिकारी कचेरीवर जाता येईल. तेव्हा मोर्चाची मागणी मोघम राहणार नाही. तिला नाव, गाव आणि वय असेल.